सात ते साडेआठ

कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव हे तीन हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. तिथं रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात नाहीतर बोलतात. साडेआठला दुसरा भोंगा झाला की मोकळीक. 15 ऑगस्ट 2022 पासून हे सुरू झालं. करोनात शाळा मोबाइलवर गेली. पुढं शाळा वर्गात परत आली, मोबाइल मात्र मुलांच्या हातातच राहिला. मग गावातल्या बायकांची सभा झाली, भोंगा ठरला, आणि सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून लोकांना समजावत राहिले. बातमी बीबीसीपर्यंत गेली. आमच्यापर्यंत, म्हणजे सांगलीत विश्रामबागेपर्यंत, यायला तिला 2024 चा एप्रिल उजाडला, आणि आली तीही टोमण्यातून. कडेगावकडं दिलेली चुलत नणंद लग्नकार्यासाठी आमच्याकडं उतरली होती. आम्ही चौघं चार मोबाइल घेऊन चार कोपऱ्यांत बसलेलो बघून म्हणाली, "वहिनी, तुमच्यात जेवण झालंय हेसुद्धा ग्रुपवर टाकावं लागत असेल की."

हे सासऱ्यांना, आमच्या आप्पांना, लागलं. "उद्यापासून आपल्यात पण भोंगा," त्यांनी जाहीर केलं. आप्पा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले; कारखान्याच्या भोंग्यावर त्यांचं निम्मं आयुष्य गेलंय, त्यामुळं भोंग्याचं त्यांना काही वाटत नाही. बातम्या आणि चर्चा या नियमात धरायच्या नसतात अशी त्यांची मनातल्या मनात समजूत होती, हे दुसऱ्या दिवशी सातला कळलं.

पहिली अडचण भोंग्याचीच. नवरा म्हणाला, मोबाइलवर गजर लावू. मुलगा म्हणाला, मग तो बंद करायला मोबाइल घ्यायचा कुणी? शेवटी आप्पांचं किल्लीचं घड्याळ माळ्यावरून निघालं. चारही मोबाइल चकलीच्या रिकाम्या डब्यात गेले, डबा फडताळात वरच्या कप्प्यावर.

आणि मग बसायचं कुठं? गंमत वाटेल, पण आमच्या हॉलमधल्या प्रत्येक खुर्चीचं तोंड टीव्हीकडं आहे. आम्ही चौघं एका ओळीत, काळ्या पडद्याकडं तोंड करून, एसटीची वाट बघत बसल्यासारखे बसलो. बोलायचं तर मान वळवावी लागे. मी उगीच उठून भाजी निवडायला घेतली, तर ती निवडून झालेली होती. किती वाजले बघायला हात उशीखाली गेला. दूधवाल्याचा हिशेब करू म्हटलं, तोही मोबाइलमध्येच. नवऱ्यानं पेपर उघडला आणि दोन बोटांनी फोटो मोठा करायला गेला. त्यावर मुलगा इतका हसला की त्या संध्याकाळचा तोच काय तो कार्यक्रम झाला.

आप्पांचे हाल वेगळे होते. संध्याकाळच्या चर्चेत चार चौकटींतली चार माणसं एकदम ओरडतात, तेव्हा आप्पा पाचवे असत. दिल्लीवर त्यांची मतं पक्की, आणि दिवसभरात जमलेला राग सातनंतर टीव्हीवर निघे. आता समोर कुणी नाही. त्यांनी माझ्याकडं मोर्चा वळवला. "सूनबाई, त्या निवडणूक रोख्यांबद्दल तुझं मत काय?"

फेब्रुवारीतच सर्वोच्च न्यायालयानं निवडणूक रोख्यांची योजना घटनाबाह्य ठरवली होती. मला मत होतं. चांगलं ठणठणीत होतं. मी तोंड उघडलं, पहिलं वाक्य सुरेख बाहेर पडलं, दुसरंही पडलं, आणि तिसरं येईना. कारण मजकूर तिथंच संपत होता. माहेरच्या ग्रुपवर आलेला तो तेवढाच होता, खाली हात जोडलेले. रोखे कोण विकत होतं, पक्षांना ते वटवायचे किती दिवसांत, यातलं मला काही म्हणजे काही सांगता येईना. आप्पांनी विरुद्ध बाजूनं सुरुवात केली, तर त्यांचंही गाडं तिसऱ्या-चौथ्या वाक्याला अडलं. मग आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. डबा फडताळात. विचारायचं कुणाला?

तेच सांगलीचं निघालं की साडेआठ कधी झाले कळत नसे. त्या महिन्यात सांगलीत दुसरा विषयच नव्हता. 1962 पासून 2014 पर्यंत काँग्रेसकडं असलेली लोकसभेची जागा, त्यानंतर दोनदा भाजपचे संजयकाका पाटील निवडून आलेले, आणि या वेळी आघाडीच्या वाटपात ती गेली ठाकरेंच्या शिवसेनेकडं. त्यांचे उमेदवार डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील, चिन्ह मशाल. वसंतदादांचे नातू विशाल पाटील चिडून अपक्ष उभे राहिले आणि त्यांना मिळालं लिफाफा हे चिन्ह. भिशीत, गिरणीत, भाजीवालीपाशी सगळीकडं लिफाफाच. दिल्लीत आणि मुंबईत ठरलेलं वाटप इथं कुणी मनावर घ्यायला तयार नव्हतं. इथं मला तिसरं, दहावं, पंचविसावं वाक्य सुचत होतं, कारण प्रत्येक वाक्यामागं कुणीतरी ओळखीचं माणूस होतं. तरी हे मत फार शुद्ध होतं असं मी म्हणणार नाही. आप्पांचं मत कारखान्याच्या थकलेल्या देण्यांवर, नवऱ्याचं मित्राच्या पाव्हण्यावर, आणि माझं, खरं सांगायचं तर, कुणाच्या घरच्या बायका प्रचाराला उन्हात हिंडल्या यावर. पण ते विचारलं तर सांगता येत होतं.

सिनेमाचा वाद मुलानं काढला. सात ते साडेआठ पडदा बंद, मग साडेआठला पिक्चर लावून जेवायचं का? आप्पा म्हणाले, लावा, पण अर्धा नाही, पुरा. आणि डबा वरच राहू दे. मुलाला हे भलतंच वाटलं. तो पिक्चर दीडपट वेगानं बघतो, नाहीतर दहा मिनिटांत अख्खी गोष्ट सांगणारे व्हिडिओ बघतो. मी नावं ठेवते, पण मीही काही पुरा बघत नाही. कुकरच्या तीन शिट्ट्यांत जेवढा होईल तेवढा, उरलेला उद्या. आप्पांचा काळ तंबूतला. खानापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावच्या जत्रेत टुरिंग टॉकीज यायची, बायका एका बाजूला, गडीमाणसं दुसऱ्या बाजूला, रीळ बदलेपर्यंत शिट्ट्या. 'स्वदेस'मधला तो प्रसंग आठवतो का, पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसलेलं गाव, मध्येच वीज जाते आणि शाहरुख मधला पडदाच काढायला लावतो? पडद्यावर ते गाव उत्तरेतलं, पण चित्रीकरण आपल्या वाईजवळच्या मेणवलीत झालेलं. मला तो प्रसंग नेहमी जरा गोडगोड वाटायचा. वीज गेल्याशिवाय आपण एकमेकांकडं वळत नाही, एवढं मात्र त्यात खरं आहे.

आप्पांनी निवडला 'सिंहासन'. जब्बार पटेलांचा, 1979 चा, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला. कृष्णधवल. पहिल्या अर्ध्या तासात मी पार चक्रावले. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्यांना पाडायला निघालेले अर्थमंत्री डॉ. लागू हे कळलं. पण कामगार पुढारी, तस्कर, आमदार, फोनवर फोन. कोण कुणाचा माणूस हे शोधायला हात तीनदा उशीखाली गेला. "यात हिरो कोण?" मुलानं विचारलं. आप्पा म्हणाले, "खुर्ची." निळू फुले मला फक्त इरसाल पाटील म्हणून माहीत. इथं ते दिगू टिपणीस नावाचे पत्रकार. सगळं बघतात, सगळं त्यांना ठाऊक असतं, आणि त्याचा उपयोग काही नाही. शेवटी त्यांचं जे होतं ते बघून मी थोडा वेळ उठलेच नाही. चोवीस तास सगळं माहीत असणाऱ्या माणसाचं काय होतं, यावर इतकं नेमकं काही मी तरी पाहिलेलं नाही, आणि तेही मोबाइल यायच्या कितीतरी आधीचं. (त्यात सुरेश भटांचं गाणं आशा भोसल्यांच्या आवाजात आहे. आशाताईंचा जन्म 1933 चा, सांगलीतला. हे सांगितल्याशिवाय सांगलीकराला पुढं जाता येत नाही.) नवरा मध्यंतराआधीच घोरायला लागला होता, तेही नोंदवते.

पिक्चर संपल्यावर आप्पा सुटले. 1977 ला वसंतदादा मुख्यमंत्री झाले, 1978 ला त्यांचं सरकार पडलं, पाडलं कुणी, सांगलीला ते किती दिवस झोंबलं. मग गाडी दिल्लीला गेली, पण या वेळी त्यांच्याकडं पुढची वाक्यं होती. 6 फेब्रुवारी 1977, रविवार. आणीबाणी सैल झालेली, निवडणूक लागलेली, बाबूजी म्हणजे जगजीवनराम चारच दिवसांपूर्वी काँग्रेस सोडून बाहेर पडलेले. रामलीला मैदानावर त्यांची आणि जयप्रकाशांची सभा. लोकांनी घरीच बसावं म्हणून दूरदर्शननं त्या संध्याकाळी ऐन भरातला 'बॉबी' लावला. तरी मैदान भरलं. "आमच्याकडं तेव्हा टीव्ही कुठला? आम्ही पेपरात वाचलं. डिंपलपेक्षा बाबूजी भारी ठरले म्हणून आख्खी पाळी हसत होती."

"म्हणजे अल्गोरिदम तेव्हापण होता," मुलगा म्हणाला.

"ते काय असतंय?"

त्यानं समजावलं. तुम्ही कशावर थांबता ते बघून पुढचं दाखवतात. तुम्ही उठू नये म्हणून. आप्पांनी दोन-तीन शंका विचारल्या, त्याही बऱ्यापैकी अवघड; मुलाला सगळ्यांची उत्तरं देता आली नाहीत. अकरा वाजून गेले होते आणि डबा काढायचं कुणाच्या लक्षात नव्हतं. नवऱ्याचा ऑफिसचा फोन दोनदा येऊन गेलेला सकाळी कळला, त्यावर वेगळी चर्चा झाली.

भोंगा रोज पाळला गेला असं समजू नका. आयपीएलच्या सामन्यांना मुलानं सवलत मिळवली, माझी एक मालिका वाचली. 7 मे ला मतदान झालं तेव्हा कुणी कुणाला दिलं हे घरात कुणी विचारलं नाही. महिनाभर बोलून झाल्यावर विचारायचं काही शिल्लक नव्हतं.

4 जूनचा दिवस मात्र नियमाच्या मुळावर आला. सकाळपासून टीव्ही, मोबाइल, शेजारचा रेडिओ, सगळं एकदम. दुपारपर्यंत सांगलीचं चित्र स्पष्ट होत गेलं: लिफाफा पुढं, आणि शेवटी लाखाहून अधिक मतांनी. दिल्लीचा घोळ वेगळाच. भाजप 240 वर अडकलेला, मित्रपक्षांसह 293; काँग्रेस 99, आणि ती शंभरी सांगलीचा अपक्ष पाठिंबा देऊन भरणार असं सगळीकडं बोललं जात होतं. सरकार कुणाकुणाच्या टेकूवर, याच्या चर्चा रंगात आल्या आणि किल्लीचं घड्याळ खणखणलं.

आप्पांनी घड्याळाकडं बघितलं, मुलाकडं बघितलं. मुलानं डबा पुढं केला. आप्पांनी आपला मोबाइल त्यात टाकला, चपला घातल्या आणि म्हणाले, "जरा पाय मोकळे करून येतो." नाक्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी टीव्ही आहे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. नियम घरापुरता आहे, हेही.

साडेआठ वाजून गेल्यावर आले ते घसा बसवूनच. कुठल्या तालुक्यात कुणी कुणाला पाडलं, कुणी वरून मशाल धरली आणि आतून लिफाफा फोडला, कुठल्या गावात पैज लागली होती, सगळं हातवारे करून सांगितलं. मुलानं मध्येच विचारलं, "आणि दिल्लीत काय झालं, आप्पा? सरकार कुणाचं?"

"टीव्ही चालू होता की," आप्पा म्हणाले, "पण तिथं ऐकू कुणाला येतंय! दिल्ली कुठं पळून जातीय? आधी जेवायला वाढा."