डाव्या हाताची थाप

समुद्रपूरहून जाम चौरस्त्याकडे जाणारा रस्ता आम्हांस आता पाठ झाला आहे. आजाऱ्यांना कम्युनियन नेणे, मर्तिकाची प्रार्थना, कधी कुणास दवाखान्यात पोचविणे. आमच्या जुन्या गाडीचा दिवस असाच सरतो. सोबतीला एक ध्वनिमुद्रण असते. 1994 च्या नाताळात आमच्या थोरल्या बंधूंनी भक्तिगीतांना ढोलकाची साथ केली होती, त्याचे. कॅसेट झिजू लागली तेव्हा ते पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. बंधू आता हयात नाहीत.

गाडीत मात्र ढोलक अर्धाच वाजे. उजव्या हाताची टिकटिक उरे. डाव्या हाताची घुमणारी थाप चाकांच्या घरघरीत बुडून जाई. दारांतील लहान स्पीकरांना खालचे स्वर झेपत नाहीत आणि रस्त्याची घरघरही त्याच पट्टीत असते. आवाज वाढवावा, तर गाणे कर्कश होई.

गाडी चालविणाऱ्या तरुणाने उपाय सुचविला, "फादर, बारा इंची सबवूफर अन् हजार वॅटचा अँप्लिफायर बसवा ना जी. गाडी हालली पाहिजे!"

आम्ही नागपूर गाठले. दुकानातील वयस्क कारागिराने प्रथम विचारले, "आवाज कोणाला ऐकवायचा, आतल्यांना की रस्त्याला?"

त्या प्रश्नाने अर्धे काम झाले. खोक्यावरचे हजार वॅट बहुधा क्षणभराच्या उसळीचे असतात. अखंड मिळणारी शक्ती 'आरएमएस' या आकड्यात पाहावी. शक्ती दुप्पट केली, तरी आवाज केवळ 3 डेसिबलने चढतो. कानाला तो दुप्पट वाटण्यास सुमारे दसपट शक्ती लागते. शिवाय गाडी म्हणजे लहानशी बंद खोली. तीत खालचे स्वर आपोआप भरतात. झरोका असलेली पेटी अधिक घुमते, पण जागा अडविते. बंद पेटीतून थाप आटोपशीर उमटते. अँप्लिफायरची अखंड शक्ती व ओहम सबवूफरशी जुळावेत. अपुऱ्या अँप्लिफायरला ताणले की आवाज फाटतो, आणि त्या फाटक्या आवाजाने सबवूफरची कॉइल जळू शकते.

शेवटी आसनाखाली मावणारा आठ इंची, बंद पेटीचा सबवूफर आणि 150 वॅट आरएमएसचा अँप्लिफायर ठरला. पूर्ण ताकदीने वाजविला, तरी तो बॅटरीतून सुमारे 14 अँपिअर ओढणार. जुन्या गाडीस ते सोसवते. जाड तांब्याची वायर घातली, बॅटरीजवळच फ्यूज बसविला आणि 80 हर्ट्झच्या वरचे स्वर दारांतील स्पीकरांकडे सोपविले. मागची जागा मोकळी राहिली. तेथे आम्ही आजारी माणसास निजवतो.

आमचा सारथी हिरमुसला होता. परतताना गाणे लागले. गाडी काही हालली नाही. जाम जवळ आले, तेव्हा डावी थाप प्रथमच स्वच्छ उमटली; मुखड्यापूर्वी किंचित रेंगाळणारी, आमच्या बंधूंची खोड तशीच. आम्ही खिडकीबाहेर कपाशीकडे पाहत राहिलो.

दोन वर्षे हेच गाणे ऐकत आलेल्या त्या मुलाने तेव्हा विचारले, "फादर, हा ढोलक कोण वाजवते जी?"

उत्तर ऐकू यावे म्हणून त्याने आपणहून आवाज कमी केला, आणि आम्ही सांगू लागलो.