पश्चिमेची भिंत

१२ मे, नागपूर

मालकांना पश्चिमेची दर्शनी भिंत जमिनीपासून गच्चीपर्यंत काचेची हवी. रस्ता त्याच बाजूला, त्यामुळे त्यांचंही चुकत नाही. "मॅडम, आता लेपवाली काच येते न, ऊन आतच येत नाही म्हणे."

येतं, कमी येतं. साध्या सहा मिलिमीटरच्या काचेतून उन्हातली आठ-दशांश उष्णता आत शिरते, चांगल्या लेपाच्या दुहेरी काचेतून पाव. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेची (२०१७) इथली मर्यादा ०.२७, उत्तर बाजू सोडून. भिंतीच्या ४० टक्क्यांहून जास्त काच नको, हेही त्याच संहितेत आहे. पहिला आकडा काचवाले तोंडपाठ म्हणतात, दुसऱ्याचं नाव कुणी काढत नाही.

१७ मे

नमुने आले. लेप म्हणजे मुख्यतः चांदी, दहा-पंधरा नॅनोमीटरचा थर. इतका पातळ की उजेड आरपार जातो, पण अवरक्त किरण बरेचसे परततात. उन्हाच्या ऊर्जेत जवळपास निम्मा वाटा या न दिसणाऱ्या किरणांचा, म्हणून खोली अंधारी न करता हे साधतं. जुन्या कॉम्प्लेक्सांची काळी काच उष्णता पिते, तापते आणि शेजारी बसलेल्याला भाजते. वर भर दुपारी ट्यूबलाइट लागते ती वेगळीच.

२२ मे

फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये. ही चांदी उघड्या हवेत टिकत नाही, म्हणून लेप दोन काचांमधल्या बंद पोकळीत ठेवायचा, आणि कडेचा लेप घासून काढल्याशिवाय सील लावायचं नाही. बाहेरून मोजलं तर काचेच्या चार बाजू. आपल्याला लेप दुसरीवर हवा. काच उलटी बसली की तो तिसरीवर जातो आणि जास्त उष्णता खोलीत येते. थंड देशांत मुद्दाम तसंच बसवतात. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. कारागिरानं लायटर पेटवला. काचेत चार ज्योती दिसल्या, त्यातली एक वेगळ्या रंगाची. "दुसरी जांभळी. बरोबर न, मॅडम?" प्रत्येक नगाला तो हे करतो. प्रमाणपत्रांच्या फायलीपेक्षा माझा या लायटरवर जास्त भरवसा.

२६ मे

आज नागपुरात शून्य सावली. बारानंतर थोड्या वेळानं साइटवरच्या उभ्या सळईची सावली पायाशीच विरली. दक्षिणेची भिंत सावलीत, तिला छज्जा पुरतो. मालकांना मुद्दाम पाचला बोलावलं. पश्चिमेचं तिरपं ऊन छज्ज्याखालून थेट पार मागच्या भिंतीपर्यंत. लेप असो नसो, इथे बसणारा माणूस पडदा ओढणार आणि दिवा लावणार. मग काच कशाला?

ते बराच वेळ घाम पुसत उभे राहिले. "जिना न् संडास इकडं टाकले तं?"

हेच मी पहिल्या बैठकीत म्हटलं होतं. आता कल्पना त्यांची झाली, उत्तम.

३० मे

नवा नकाशा. पश्चिमेला जिना, लिफ्ट, संडास आणि रस्त्यावरून दिसेल अशी काचेची एक उभी पट्टी. बसायच्या जागा उत्तरेला. जूनमध्ये तिथेही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं, म्हणून खिडक्यांना उभ्या पट्ट्या. काच निम्म्याहून कमी लागणार. पुरवठादारानं लगेच चौरस फुटाचा दर वाढवून पाठवलाय. उद्या त्याच्याशी भांडायचं.