मागच्या दारातली माणसं

चित्रपट सुरू झाला की माझी नजर नायकावर फार वेळ टिकत नाही, ती मागच्या दाराकडे जाते. चहा कोण आणतंय, आणणारीला कुणी नावानं हाक मारतंय का, मोठ्यांचं बोलणं चाललेलं असताना ती तिथे थांबते की तिला आत पाठवतात, हे मी बघत राहते. ही सवय मला कुठल्या रसग्रहण शिबिरात लागली नाही. यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या पुढे आमचं गाव आहे. आमच्या घरी बैठक समोरच्या खोलीत बसते आणि माझ्या आयुष्याबद्दलचे बरेच निर्णय मी मधल्या दाराच्या पडद्याआडून ऐकले आहेत.

सध्या मी पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करते. सदाशिव पेठेतली अभ्यासिका, कॉट बेसिसवरची खोली, मेसचा डबा आणि घरून येणाऱ्या पैशातून वाचवलेलं सिनेमाचं तिकीट. परीक्षा तोंडावर असताना पिक्चर कसा सुचतो, असं मैत्रिणी विचारतात. पण दिवसभर कलमं, समित्या आणि योजना पाठ केल्यावर संध्याकाळी मला माणसं बघावीशी वाटतात. आणि बघून आल्यावर त्यावर बोलल्याशिवाय मला झोप लागत नाही. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, बोलण्यासारखं खूप काही आलं.

जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ ७ मार्चला लागला. टोरांटोच्या महोत्सवात २०२३ मध्येच त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला होता, म्हणजे आमच्या भागाची गोष्ट आमच्याआधी दीड वर्ष कॅनडातल्या लोकांनी पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात त्याचं चित्रीकरण झालं. तिकडचा कापूस आमच्यासारखाच, बोलीही आमचीच आणि पडद्यावरची माणसंही बहुतेक त्याच परिसरातली. सविता नावाची बी.ए.ला शिकणारी मुलगी, तिला पुढे स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, आणि घरात मात्र एकामागून एक पाहुणे तिला बघायला येतात. पहिलाच प्रसंग तिच्या स्वप्नातला आहे. त्यात बायका खुर्च्यांवर बसल्या आहेत, मधल्या स्टुलावर मुलगा बसला आहे आणि त्याची तपासणी चालली आहे. थिएटरात हशा पिकला. मग स्वप्न मोडतं, स्टुलावर सविता येते आणि समोरच्या खुर्च्यांवर पुरुष.

मीही त्या जागी बसले आहे. पाहुणे यायच्या आधी आई म्हणाली होती, “खाली मान घालून बसजो वं बाई, जास्त बोलजो नोको.” नाव, शिक्षण, जन्मतारीख, उंची. उंचीपाशी एक काका थांबले आणि त्यांनी मला उभं राहायला सांगितलं. मग मुलाच्या मामांनी बाबांना विचारलं, की पोरगी अधिकारी झालीच तर बदली कुठं होईल, घरचं कोण पाहील? माझ्या नोकरीबद्दलचा तो प्रश्न कुणी मला विचारला नाही. मी समोरच बसले होते.

‘स्थळ’मध्ये हा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. तेच प्रश्न, तीच उत्तरं, तेच पोहे. आमच्या मागच्या रांगेतली मुलं पहिल्या पाहणीला मोठ्यानं हसली, दुसऱ्या वेळी थोडं कमी. तिसऱ्या वेळी ती गप्प होती. दिग्दर्शकानं एकही भाषण न देता हे केलं, केवळ तोच प्रसंग परत समोर ठेवून. काही समीक्षकांना ही पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटेल, पण माझ्या मते चित्रपटाची सगळी ताकद तिच्यात आहे. सविताला एकदाच नकार मिळाला असता तर ती दुःखाची गोष्ट झाली असती. तोच नकार चारदा बघितला की त्यातली रीत दिसू लागते. सविताचं काम करणारी नंदिनी चिकटे प्रत्येक वेळी उंची सांगते तेव्हा तिच्या आवाजातला जोर थोडा कमी झालेला असतो. ते ऐकण्यासाठी मी चित्रपट पुन्हा पाहिला.

आणखी एका गोष्टीसाठी मी सोमलकरांची ऋणी आहे. त्यांनी बापाला खलनायक केलं नाही. सविताचे वडील कापसाच्या भावाची वाट बघतात, कारण कापूस विकला तरच लग्नाचा खर्च निघणार. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता आणि आमच्या गावात येणारा व्यापारी त्याच्या बराच खाली मागत होता. बाबांनी कापूस घरातच भरून ठेवला. कापूस घरात असला की अंगाला सारखी खाज सुटते. झोपायला जागा उरत नाही. आई रोज चादरी झटकते. चित्रपटातला तो बाप दारात बसून हिशेब करताना दिसला तेव्हा मला त्याचा राग आला आणि त्याच्याजवळ जाऊन बसावंसंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटायला लावणारा चित्रपट मी फार क्वचित पाहिला आहे.

त्याच सुमारास बहुतेक पडद्यांवर ‘छावा’ चालू होता. संभाजी महाराजांवरचा लक्ष्मण उतेकरांचा हा चित्रपट १४ फेब्रुवारीला आला आणि आमची अख्खी अभ्यासिका तो बघायला गेली. विकी कौशलनं जीव ओतून काम केलं आहे. संगमेश्वरला महाराज पकडले जातात तो प्रसंग बघताना मी डोळे पुसत होते, त्यात काही लपवण्यासारखं नाही. शेवटी प्रेक्षक उभे राहिले, गर्जना झाली, मीही उभी राहिले. पण खोलीवर परतताना माझ्या मनात महाराजांच्या पत्नी येसूबाई होत्या.

चित्रपटात त्या ओवाळतात, काळजी करतात, वाट बघतात. खऱ्या येसूबाईंनी काय केलं हे आम्ही परीक्षेसाठी वाचतो. ११ मार्च १६८९ ला संभाजी महाराजांची हत्या झाली. रायगडाला मोगलांचा वेढा पडला होता. पदरात लहानगा शाहू होता, तोच गादीचा वारस. अशा वेळी येसूबाईंनी धाकटे दीर राजाराम यांना गडाबाहेर पाठवण्याचा निर्णय घेतला आणि मुलासह स्वतः मागे राहिल्या. त्याच वर्षी रायगड पडला. त्या कैद झाल्या. औरंगजेब मेल्यावर १७०७ मध्ये शाहूंची सुटका झाली, पण येसूबाई परत आल्या त्या थेट १७१९ मध्ये. तीस वर्षं शत्रूच्या छावणीत आणि दिल्लीत काढलेली ही बाई. संभाजी महाराजांनी तिला कारभारासाठी स्वतंत्र मुद्रा दिली होती, म्हणजे नवऱ्यालाही तिची योग्यता ठाऊक होती.

‘छावा’ शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आहे आणि त्याचा नायक संभाजी महाराजच असणार, हे मला मान्य आहे. तरी माझं म्हणणं असं, की ती मुद्रा उमटवणारा हात एका प्रसंगात तरी दिसायला हवा होता. येसूबाईंवर स्वतंत्र चित्रपट कुणीतरी करावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. त्यात लढाई फारशी नसली तरी चालेल. रायगडावरची ती एक मसलत, जिथे कुणी निघायचं आणि कुणी मागे राहायचं हे ठरलं, तेवढ्यावर अर्धा चित्रपट उभा राहील.

१ मेला ‘आता थांबायचं नाय!’ आला. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी होतात, ही खरी घडलेली गोष्ट शिवराज वायचळ यांनी मांडली आहे. या चित्रपटाला आम्ही मेसच्या काकूंना घेऊन गेलो. काकू सातवीनंतर शाळेत गेल्या नाहीत. गटारात उतरणारे हात वही धरतात तेव्हा बोटं कशी अवघडतात, हे भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव दोघांनीही नेमकं दाखवलं आहे. या दोघांकडून आपण वर्षानुवर्षं हसवण्याचीच अपेक्षा केली आणि त्यांच्यातलं हे बाकीचं बघितलंच नाही, असं मला वाटत राहिलं. पार्श्वसंगीत मात्र मला जड गेलं. माणूस पडद्यावर रडतोय हे दिसत असताना व्हायोलिननं ते परत सांगायची गरज नसते.

बाहेर आल्यावर आम्ही पोरी अभिनयावर बोलत होतो. काकूंनी विचारलं, “पास झाल्यावर पगार वाढला ना गं त्यांचा?” चित्रपटावरचा इतका नेमका प्रश्न त्या दिवशी दुसऱ्या कुणी विचारला नाही. शिक्षणानं माणूस मोठा होतो वगैरे चित्रपट खूप बोलतो, पण घरी पैसे किती येऊ लागले याकडे तो घाईनं पाठ फिरवतो.

काकूंच्या त्या प्रश्नानं मला पायल कपाडियांच्या ‘ऑल वुई इमॅजिन अॅज लाइट’मधली पार्वती आठवली. तो त्याआधीच्या नोव्हेंबरात आपल्याकडे लागला होता. कानला ग्राँ प्री मिळाल्याच्या बातम्या सगळीकडे होत्या, पण छाया कदमनं साकारलेली ही रुग्णालयातली स्वयंपाकीण हा माझ्यासाठी त्या चित्रपटाचा गाभा आहे. नवरा गिरणीत होता, तो गेला, आणि ज्या घरात ती इतकी वर्षं राहिली त्या घराचा एकही कागद तिच्याकडे नाही. बिल्डर तिला हुसकावतो. मग ती आणि परिचारिका प्रभा मिळून त्याच्या जाहिरातफलकावर दगड मारतात. घर गेलेलंच असतं, दगडानं ते परत येत नाही. तरीही तो प्रसंग मला हव्या त्या ठिकाणी लागला. काकूंची खोलीही भाड्याची आहे आणि भाडेकरार त्यांच्या मुलाच्या नावावर आहे.

‘दशावतार’बद्दल थोडक्यात. १२ सप्टेंबरला आला, थिएटर भरलेलं होतं, आणि ८१ वर्षांच्या दिलीप प्रभावळकरांनी अंधुक होत चाललेल्या नजरेचा दशावतारी नट बाबुली मेस्त्री ज्या ताकदीनं उभा केला ती बघून मी थक्क झाले. पहिल्या भागात रंगभूषा, रात्रीचा खेळ, एका बाकड्यावर उभा राहणारा राजदरबार. माझी रूममेट सावंतवाडीची. ती कानाशी कुजबुजली, “आमच्याकडे असोच बाकडो असता.” पुढे कथा सुडाकडे वळली आणि ज्या गावाच्या डोंगरावर खाणकाम येणार ते गाव मागे पडलं. प्रियदर्शिनी इंदलकरची वंदना तर नायकाचं दुःख वाढवण्यापुरतीच उरली. खाण आल्यावर विहिरीचं पाणी कुणाला लांबून आणावं लागणार आहे, हे तिच्या तोंडून ऐकायला मला आवडलं असतं. वणीच्या आसपास कोळशाच्या खाणी आहेत. त्या धुळीत वाळत घातलेले कपडे मी काढले आहेत.

त्यानंतर आठवड्यानं, १९ सप्टेंबरला, रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ आला. सनडान्सला जागतिक चित्रपटांच्या विभागात परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार जिंकलेला हा मराठी चित्रपट आमच्याकडे अडनिड्या वेळी दाखवत होते. आम्ही अभ्यासिकेतून दुपारी उठून गेलो. वडील वारल्यावर मुंबईचा आनंद आईला घेऊन गावी जातो, दहा दिवस सुतक पाळतो, नातेवाईक लग्नाचं टुमणं लावतात, आणि लहानपणचा मित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. दोन पुरुषांचं प्रेम इतक्या साधेपणानं मराठीत मी आधी पाहिलं नव्हतं. बाळ्या त्याच्यासाठी निवडुंगाची लाल, काटेरी फळं आणतो. ती काटे काढून खावी लागतात. कॅमेरा एका जागी थांबतो, पार्श्वसंगीत नाही, शेळ्यांचे आवाज आणि वारा ऐकू येतो. दिग्दर्शकानं स्वतःच्या वडिलांच्या मृत्यूनंतरचे दिवस यात आणले आहेत आणि ते प्रत्येक चौकटीत जाणवतं. सुतकात कुणी काय खायचं, कुठं बसायचं, हे सांगणारी माणसं वाईट नाहीत. ती फक्त थांबत नाहीत.

आमचं भांडण झालं ते यावरूनच. रूममेटचं म्हणणं, काही घडतच नाही, मध्यंतरापर्यंत नुसते पाहुणे येतात. मी म्हटलं, “पाहुणे येतात हेच तर घडतं.” प्रत्येक पाहुणा आनंदच्या लग्नाचं विचारतो आणि प्रत्येक वेळी ते विचारणं आधी त्याच्या आईपर्यंत पोहोचतं. ती नुकतीच विधवा झालेली. स्वतःचं रडू तिला अजून पुरतं रडता आलेलं नाही. मुलगा कुणावर प्रेम करतो हे तिला ठाऊक आहे, तिनं ते स्वीकारलं आहे, आणि भरल्या घरात नणंदा-जावांच्या प्रश्नांना ती शांतपणे तोंड देते, त्याला पुढे होऊ देत नाही. माझ्या पाहणीच्या दिवशी बाबांऐवजी आईनं उत्तर दिलं असतं तर काय झालं असतं, हा विचार तिथे बसल्या बसल्या माझ्या मनात आला आणि अजून गेलेला नाही.

रूममेटला हे पटलं नाही. ती ‘दशावतार’च्या बाजूनं आहे आणि प्रभावळकरांपुढे त्या वर्षी कुणीच नाही असं तिचं ठाम मत आहे. माझं मत वेगळं आहे. आनंदच्या आईचं, सुमनचं, काम करणाऱ्या जयश्री जगताप यांना मी पहिलं ठेवते. नायक काठावर उभा असताना घर सांभाळणारी बाई त्यांनी चित्रपटाच्या मधोमध आणून बसवली, आणि त्यासाठी त्यांना एकदाही आवाज चढवावा लागला नाही.