पाच शब्द

उद्या वाचनालयात बोलायचंय, 20 मिनिटं. मिनिटाला सव्वाशे शब्द धरले तर अडीच हजार. माझं टिपण त्याच्या दुप्पट झालंय.

विषय न्यायमूर्ती रानडे. 1875 मध्ये त्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पण सनावळीनं सुरुवात केली की पहिली रांग डुलक्या काढते. त्यापेक्षा आधी प्रश्नच टाकावा: ऐन उन्हाळ्यात माणसं नुसतं भाषण ऐकायला का जमत असतील?

गेल्या खेपेला सगळं पाठ करून गेले होते. तिसऱ्याच वाक्याला माईक किंचाळला, सभागृह हसलं आणि माझी पाटी कोरी. मग कितीतरी वेळ नुसतं ‘तर मुद्दा असा की...’ मुद्दा आलाच नाही. घडी घातलेली चिठ्ठी आली, ‘आवरा’.

म्हणून यंदा लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर ठळक पाच शब्द. पाठ फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य. मघाशी ओट्याशी उभी राहून मोठ्यानं म्हणून पाहिलं. आतून सासूबाई म्हणाल्या, “अगं, कुणाशी भांडतेयस?”

26 मिनिटं झाली. रानड्यांचं बालपण कापलं. जीव तुटला, पण कापलं. अजून दोन मिनिटं जास्तच आहेत.