१८५ टाका, साहेब

टायरची नक्षी झिजून खोबणीतल्या उंचवट्यांना टेकली, तेव्हा बदलण्यावाचून इलाज नव्हता. हे उंचवटे १.६ मिलिमीटरवर असतात. तिथवर रबर आलं की टायर संपला. उद्यमनगरातल्या दुकानदारानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि सल्ला दिला, "परत १६५ कशाला घालताय साहेब? १८५ टाका. रिम हेच चालतंय. गाडी जमिनीला धरून पळतीया बघा."

"आणि गाडी वर उचलेल का?" मी विचारलं. माझं खरं दुखणं तेच होतं.

"उचलंल की!"

करूळ घाट उतरून आमच्या गावाकडं वळलं की एक गतिरोधक लागतो. रोड्स काँग्रेसच्या मापानं गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि तब्बल ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे चाक सावकाश चढून सावकाश उतरतं. हा डांबर-खडी ओतून गावानंच केलेला, रुंदीला हातभर आणि उंचीला मनाला येईल तेवढा. गाडीत चौघं आणि डिकीत तांदळाचं पोतं असलं की चेंबर घासल्याचा तो आवाज पोटात कालवतो. माझी स्विफ्ट जमिनीपासून १६३ मिलिमीटर वर, तीही रिकामी असताना.

सोबत आलेला मेव्हणाही १८५ च्याच बाजूचा. मी मात्र दुकानातल्या बिलाच्या पाठीवर आकडे मांडले. माझ्या व्हीएक्सआय मॉडेलला कंपनीचा टायर १६५/८० आर १४. यातले १६५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२. ती वर एकदा आणि खाली एकदा. त्यात १४ इंची रिमचे ३५५.६ मिळवले की चाकाचा व्यास ६१९.६ मिलिमीटर.

दुकानदार देत होता तो १८५/७० आर १४. त्याचा व्यास येतो ६१४.६. आकडा वाढला, टायर अंगानं भरला आणि चाक पाच मिलिमीटरनं लहान झालं! व्यासातला निम्माच फरक गाडीच्या उंचीत उतरतो, म्हणजे गाडी अडीच मिलिमीटर खालीच बसणार. मेव्हण्यानं कागद उलटा करून पुन्हा गुणाकार केला आणि मग चहा सांगितला. सगळ्यांची नजर त्या पहिल्या आकड्यावरच असते. मधल्या टक्क्यांना कुणी विचारत नाही.

मग टक्के ८० च ठेवून रुंदी वाढवली तर? १७५/८० ला व्यास ६३५.६ होतो आणि गाडी आठ मिलिमीटर उचलते. बोटाच्या रुंदीइतकीही नाही. त्यापायी मीटरचा हिशेब अडीच टक्क्यांनी सरकतो, चढाला इंजिनवर जरा जास्त ताण येतो, आणि चाक मोठं झालं की वळणावर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासायची धास्ती वेगळीच. एवढं करून त्या गतिरोधकापुढं आठ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. टायर बदलून गाडी उंच करायचा विचार मी तिथंच सोडला आणि चेंबरखाली जाड पत्र्याचा गार्ड बसवून घेतला. त्यानंही थोडी जागा खाल्लीच, पण आता घासतो तो पत्रा.

रुंदी मात्र मला हवी होती. कारण पाऊस. गगनबावड्याचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. घाटात डांबरावरून पाण्याचा पाट वाहतो आणि पुढं धुकं. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनीच १८५/६५ आर १५ देते. त्याचा व्यास ६२१.५, माझ्या जुन्या चाकाहून जेमतेम दोन मिलिमीटर जास्त. मीटर जागच्या जागी. हौशी मुलं १६ इंची अलॉय चढवतात आणि कंपनीची काढलेली पंधराची दुकानात विकून जातात. तसा एक संच मिळाला. चार बोल्टांची वाटोळी आखणी १०० मिलिमीटरची, मधलं भोक हबला घट्ट बसणारं. बाजारू अलॉयमध्ये हे भोक बऱ्याचदा सैल असतं, आणि मग वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं.

नवे टायर घेताना त्यांच्या भिंतीवरचं बाकीचंही वाचून घेतलं. जुन्यावर ८५ होतं, म्हणजे एका टायरला ५१५ किलो; नव्यावर ८८, म्हणजे ५६०. भार पेलण्याचा हा आकडा कमी होता कामा नये. चार आकड्यांचा शिक्का पाहिला, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवला. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि अपघातानंतर सर्वेअर टायरचा आकार पाहतोच. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचा आकार घेतला, यामागं हाही विचार होता.

बॅलन्सिंग झाल्यावर मी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण पिळून पाहिलं. आत कुठं घासत नव्हतं.

ओल्या घाटात फरक जाणवतो. वळणावर गाडी कलंडल्यासारखी वाटत नाही, ब्रेक दाबला की भरवसा येतो. यात नव्या नक्षीचा वाटा किती आणि रुंदीचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. बदल्यात पार्किंगमध्ये स्टिअरिंग किंचित जड झालं आणि गाडी पेट्रोल जरा जास्त पिते. भिंत १३२ वरून १२० वर आली, त्यामुळं खड्ड्याची कड थेट कंबरेला कळते. अशा टायरला फुगा लवकर येतो, म्हणून हवा मी दर पंधरवड्याला तपासतो, दारावरच्या स्टिकरवर पंधरा इंचासाठी दिलेल्या आकड्याप्रमाणं. आमच्या गल्लीत मात्र सगळे विचारतात, गाडी उंच केली काय? रिम मोठं दिसतं म्हणून. मी एक मिलिमीटर म्हणून सांगतो, कुणाला पटत नाही.

स्टेपनी जुनीच ठेवली, चौदाची. व्यास जवळपास सारखा असल्यानं पंक्चर निघेपर्यंत हळू चालवत न्यायला ती पुरते.