शून्याखालचं चिलखत

नेटहॅक या संगणकावरच्या खेळात मुळात चित्रं नसतात. भुयाराची जमीन म्हणजे टिंबं, भिंती म्हणजे रेघा, पाळीव कुत्रा म्हणजे रोमन लिपीतला लहान डी आणि ईमेलच्या पत्त्यात असतं ते अ‍ॅटचं चिन्ह म्हणजे आपण. पडद्याच्या तळाशी एक ओळ मात्र कायम असते. कितव्या तळघरात आहोत, सोनं किती, जीव किती उरलाय आणि एसी किती. एसी म्हणजे आर्मर क्लास, अंगावरच्या संरक्षणाचा आकडा. अंगावर काहीच नसेल तर तो 10. चामड्याचं चिलखत चढवलं की 8, कड्यांचं चढवलं की 5, पोलादी पत्र्यांचं असेल तर 3. संरक्षण वाढतं तसा आकडा उतरतो, शून्यावर येतो आणि तिथून पुढे उणे होत जातो.

नव्वदच्या दशकात पुण्यात इंजिनिअरिंग करताना हा आकडा मला भेटला. लॅबमध्ये युनिक्सचं मशीन होतं, त्याला जोडलेली टर्मिनल्स होती आणि कुणा सीनियरने नेटहॅक कंपाइल करून ठेवलेला होता. प्रॅक्टिकल संपलं की लॅब बंद होईपर्यंत आम्ही दोघी-तिघी तिथेच. बाकीच्या मुली राक्षस किती मारले ते मोजायच्या, माझं लक्ष तळाच्या ओळीकडे. आकडा खाली जाणं म्हणजे चांगलं, हे मला बोर्डाच्या मेरिट लिस्टसारखं लगेच पटलं होतं: तिथेही पहिला नंबर सगळ्यांत वरचा.

या उलट्या मोजणीमागे जहाजं असावीत, हे मला फार नंतर कळलं. 1971 साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ नावाची मध्ययुगीन लढायांची नियमावली काढली. तिच्याच पायावर 1974 साली गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला. त्यात उघडं अंग 9 आणि पत्र्यांचं चिलखत अधिक ढाल म्हणजे 2. आर्नेसन सांगत की आर्मर क्लासची ही कल्पना त्यांनी अमेरिकी यादवी युद्धातल्या लोखंडी कवचाच्या जहाजांच्या खेळातून उचलली. जहाजाचं कवच पहिल्या वर्गाचं, दुसऱ्या वर्गाचं असं लावत असावेत, आणि पहिला वर्ग सर्वांत भक्कम. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत डंजन्स अँड ड्रॅगन्सने मोजणी सरळ करून टाकली, जास्त आकडा म्हणजे जास्त संरक्षण. तिथूनच ही मोजणी घेतलेला 1987 सालचा नेटहॅक मात्र आजही उतरत्याच आकड्यावर चालतो आणि मला ते मनापासून आवडतं.

आकडा नेमकं काय करतो, ते लॅबमधल्याच एकीने सोर्स कोड उघडून दाखवलं. राक्षसाची पातळी, तुमचा एसी आणि वर 10, यांची बेरीज करायची. मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. फासा बेरजेपेक्षा कमी पडला तर वार लागला. पहिल्या पातळीचा राक्षस आणि एसी 10 असेल तर बेरीज 21, म्हणजे प्रत्येक वार लागणारच. एसी 5 असेल तर विसातले पंधरा लागतात, शून्य असेल तर दहा. चिलखत ही भिंत नाही, हे मला त्या बेरजेने शिकवलं. एसीचा एकेक अंश फाशाची एकेक बाजू आपल्या पारड्यात टाकतो, एवढंच. पण गंमत बघा, सगळे अंश सारख्या मोलाचे नसतात. विसातले वीस वार लागत होते ते एकोणीस झाले, तर मार विसाव्या हिश्श्याने कमी झाला. दोन लागत होते ते एकावर आले, तर मार निम्मा झाला. अंश एकच, पण जो आधीच नीट झाकलेला आहे त्याला तो कितीतरी जास्त देतो. उघड्या माणसाला पहिल्या अंशाने फारसं काही मिळत नाही, यातला अन्याय मला तेव्हाही टोचायचा.

शून्याच्या खाली नेटहॅक वेगळंच वागतो. एसी उणे 10 असेल तर दर वाराला 1 ते 10 मधला कुठलाही आकडा निघतो आणि त्या वेळेपुरतं तेवढंच संरक्षण धरलं जातं. कधी उणे 9, कधी नुसतं उणे 1. शिवाय वार लागलाच तर इजेतूनही असाच एक आकडा वजा होतो. पण लागलेला वार किमान 1 जीव नेतोच. चिलखत कितीही चढवा, तो एक सुटत नाही.

आणि चिलखत चढवणंही सोपं नसतं. पत्र्यांचं चिलखत घालायला पाच खेळ्या जातात, त्या पाच खेळ्यांत समोरचा मारत राहतो. त्याचं वजन 450, ड्रॅगनच्या खवल्यांच्या चिलखताचं फक्त 40. लोखंड गंजतं, गंजलं की एसी घसरतो. आतला शर्ट बदलायचा तर आधी वरचा झगा काढा, मग चिलखत काढा. त्यात झगा शापित निघाला तर तो निघतच नाही आणि आतलं सगळं अडकून बसतं. चिलखत मंतरायची गुंडाळी असते, ती वाचली की सहसा एक अंश वाढतो. अधिक 3 पर्यंत निर्धास्त वाचा. त्याच्या वर गेलेल्या चिलखतावर वाचली तर बहुतेक वेळा ते लखलखतं आणि हवेत विरून जातं. तरी हात शिवशिवतात.

नोकरीला लागल्यावर मी मडकडे वळले. पुष्कळ माणसांनी एकाच वेळी खेळायचा, नुसत्या शब्दांतला खेळ. पहिला मड 1978 साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी उभा केला. मी खेळले ते कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या डिकूमडच्या वंशातले. तिथे उघडं अंग म्हणजे 100 आणि पूर्ण संरक्षण म्हणजे उणे 100. कुठली वस्तू अंगावर कुठे आहे, त्यावर तिचं मोल ठरतं: छातीवरच्या चिलखताचा आकडा तिप्पट धरायचा, शिरस्त्राण आणि पायांवरचं कवच दुप्पट, हातमोजे, बूट, ढाल यांचा एकपट. ज्याने हे तीन-दोन-एक ठरवलं, त्याने माणसाच्या शरीराचा विचार केला होता.

स्वीडनच्या लार्स पेन्स्योने 1989 साली लिहिलेला एलपीमड याहून निराळा. तिथे चिलखत वार चुकवत नाही, लागलेल्या वारातून इजा वजा करतं. दोन्ही खेळल्यावर यातलं खरं कुठलं, हा प्रश्न मला सोडेना. मी तो आपल्या इतिहासावर लावून पाहिला. 1659 साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाने शिवाजी महाराजांच्या कुशीत शस्त्र चालवलं. बखर सांगते, ते अंगरख्याआतल्या चिलखतावर खरवडत गेलं, अंगाला लागलं नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या हिशोबात हा वार चुकला. पण तो चुकला नव्हता, तो बसला होता. एलपीमडच्या वजाबाकीत ही भेट बरोबर बसते. म्हणून मला वजाबाकी जास्त खरी वाटते, आणि शून्याखाली दोन्ही रीती एकत्र आणणारा नेटहॅक सगळ्यांत शहाणा.

मधली काही वर्षं मी काहीच खेळले नाही. बाबांना हार्ट अटॅक येऊन गेला होता. डॉक्टरांनी कागदावर एकाखाली एक गोळ्या लिहिल्या, रक्त पातळ ठेवायची, कोलेस्टेरॉलची, बीपीची, आणि खाली चालणं आणि मीठ. बाबा म्हणाले, “यातली बरं करणारी कुठली?” बरं करणारी एकही नव्हती. प्रत्येक गोळी धोका थोडाथोडा उतरवणार होती. मी त्यांना विसातल्या बाजूंचा हिशोब मांडून दाखवला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि गोळ्यांचा डबा स्वतः भरायला लागले.

आता पुन्हा मड सुरू झालाय तो ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळे. तो जन्मांध आहे. पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए वापरून तो माझ्याहून वेगाने कोड लिहितो आणि रात्री मड खेळतो. जगभरचे कितीतरी अंध खेळाडू मडमध्ये आहेत. ऑल्टर एऑनसारख्या मडने तर त्यांच्यासाठी खास सोयी केल्यात. जिथे सगळं शब्दांतच आहे, तिथे त्याला काहीच कमी पडत नाही. चित्रांचे खेळ आल्यावर मड संपले असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्या शेजारी बसून ऐकावं.

तो खेळतो तो रॉम जातीचा मड. तिथे एसी एक नसतो, चार असतात: भोसकणाऱ्या शस्त्रासाठी वेगळा, ठेचणाऱ्यासाठी वेगळा, कापणाऱ्यासाठी वेगळा आणि जादू वगैरेंसाठी चौथा. पंचविसाव्या पातळीपर्यंत आकडे सांगतच नाहीत, शब्द सांगतात. अगदी उघडा आहेस, जेमतेम झाकलेला आहेस, भक्कम आहेस, अशी चढती वाक्यं. त्याला ती वाक्यं फार प्रिय होती. ऐकून लक्षात राहायची, बेरीज करावी लागायची नाही.

गेल्या महिन्यात तो पंचविसाव्या पातळीला पोचला आणि वाक्यांसोबत आकडेही बोलायला लागले. शिरस्त्राण बदललं की काय फरक पडला ते कळण्यासाठी चारही ओळी पुन्हा ऐकायच्या. लढाईत तेवढा वेळ मिळत नाही. म्हणून तो मड खेळायला जे मश क्लायंट वापरतो, त्यासाठी आम्ही दोघं मिळून एक छोटा प्रोग्राम लिहितोय. वस्तू चढवली की फक्त जो आकडा हलला तो आणि किती हलला, एवढंच तो बोलेल. चारही हलले तर आधी कुठला सांगायचा, यावर आमचं अजून जमलेलं नाही. मी म्हणते जो सर्वांत जास्त उतरला तो, तो म्हणतो ज्या बाजूने सध्या मार पडतोय तो. बहुधा त्याचंच बरोबर आहे. उद्या दुपारी तसं लिहून बघणार आहोत.