यवतमाळचा उतार आणि काकांची हेराल्ड

यवतमाळला यायचे म्हणजे चढायचे, आणि यवतमाळहून निघायचे म्हणजे उतरायचे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर हे गाव पठारावर बसले आहे. वर्ध्याकडून या, धामणगावकडून या, नाही तर दारव्ह्याकडून या, शेवटी गाडीचे नाक वर होतेच. पुण्यामुंबईच्या मंडळींना वाटते, विदर्भ म्हणजे पाटासारखा सपाट मुलूख. ऊन, कापूस आणि संत्री. त्यांनी एकदा करळगावच्या घाटातून धामणगावकडे उतरून पाहावे. खंडाळ्याच्या घाटाचा दरारा इथे नाही, हे कबूल. पण मोटारीच्या ब्रेकची परीक्षा घ्यायला एवढा घाट पुरेसा आहे.

आणि आमच्या मोटारीची परीक्षा घेणे भागच होते. ही मोटार आमच्या काकांची. १९६७ सालची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची, दुधी रंगाची. काका यवतमाळला वकिली करीत. जिनिंगच्या मालकांचे दावे चालवून त्यांनी ती घेतली. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून १९७१ पर्यंत या गाड्या बांधल्या. तिचे इंग्रज भावंड म्हणजे १९६२ साली विलायतेत निघालेली ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार. दोघींचा नकाशा मिचेलोत्ती या एकाच इटालियन गृहस्थाचा. हेराल्डचीच चासी आखूड करून तिच्यावर स्पिटफायर उभी केली. म्हणजे घरची साधी मुलगी आणि नाटकात काम करणारी तिची चुलतबहीण, असे हे नाते! त्यामुळेच की काय, काका टोपी तिरकी घालून हेराल्ड चालवायला बसले, की काकू म्हणायच्या, "आज कोर्टात निघालात की शर्यतीला?"

काका गेल्यावर गाडी बरीच वर्षे पडवीत कापडाखाली झाकून होती. काकूंचे वय आता ब्याऐंशी. गेल्या श्रावणात त्यांनी मला बोलावले आणि म्हणाल्या, "पुसदला माहेरी एकदा जाऊन यावे म्हणते. पण यांच्याच गाडीने."

एंजिन लवकरच बोलू लागले. हेराल्डचे बॉनेट पुढच्या बाजूला अख्खेच उलटते. पुढची चाके, एंजिन, सगळे ताटात वाढल्यासारखे समोर येते. गाडी बाहेर काढून आम्ही करळगावच्या घाटात नेली. अर्धा उतार उतरेपर्यंत ब्रेकचे पेडल मऊ पडू लागले, आणि तळाशी पोचलो तेव्हा डाव्या चाकातून करपल्याचा वास येत होता. सोबत आमचे मिस्त्री होते. यवतमाळच्या जुन्या गाड्यांची नाडी ओळखणारा हा माणूस चाकाजवळ उकिडवा बसला आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, गाडी पयवाले कोनालेही येते. थांबवाले काय आहे हिच्यापाशी?"

प्रश्न बिनतोड होता. या हेराल्डला चारही चाकांना ड्रम ब्रेक. बंद डब्याच्या आत दोन कमानी फाकतात आणि डब्याच्या भिंतीला घासून चाक थांबवतात. सपाट रस्त्यावर हे झकास चालते. पण ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारे यंत्र, आणि ती उष्णता बंद डब्यातून बाहेर पडायला वेळ लागतो. डबा तापून फुगला, की कमानी आणि भिंत यांतले अंतर वाढते, अस्तराची पकड सैल होते आणि पेडल खाली खाली जाते.

घाटात हे का होते, याचा हिशेब सोपा आहे. साठ किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी पूर्ण थांबवताना जेवढी उष्णता होते, तेवढीच साधारण चौदा मीटर उंची ब्रेकवर उतरताना होते. म्हणजे शंभर मीटर उतरणे आणि साठच्या वेगावरून सात वेळा लागोपाठ थांबणे, हे ब्रेकला सारखेच! म्हणून जुने ड्रायव्हर सांगत, ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा. बराचसा भार एंजिन सोसते.

यावर उपाय साहेबाने केव्हाच काढला होता. १९५३ साली ल मानच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वार गाडी पहिली आली ती डिस्क ब्रेकच्या जोरावर. उघड्यावर फिरणारी लोखंडी तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारी अस्तरे. वारा लागतो, उष्णता निघून जाते, पाणी उडून जाते. १९५६ पासून ट्रायम्फच्या टीआर-३ या स्पोर्ट्स कारला पुढे डिस्क आले, आणि स्पिटफायरला तर जन्मापासूनच होते. मग चुलतबहिणीचे दागिने आपल्या घरच्या मुलीला का घालू नयेत? स्पिटफायरचे सुटे भाग विलायतेत आजही मिळतात. हब, डिस्क, चिमटे आणि ते धरून ठेवणाऱ्या खुंट्या असा सारा संच मागवायचे ठरले.

पण काकू अडून बसल्या. "यांच्या गाडीला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "हे होते तेव्हा चालत होती ना? मग आताच काय झाले?"

काय झाले ते खरे तर रस्त्याला झाले होते. काकांच्या वेळी या रस्त्यांवर मुख्य वाहतूक बंड्यांची. कापसाने शिगोशीग भरलेल्या बंडीला उतारावर बैलच मानेने जोखड रेटून धरीत. मुर्तिजापूरची शकुंतला रेल्वे तर सायकलवाल्यालाही मागे टाकू शकत नाही, अशी थट्टा होई. तिचे १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे एंजिन १९९४ पर्यंत चालले. पुढे डिझेल आले, आणि आता ती गाडीही बंद पडली आहे. वर्धा ते कळंब मोठी रेल्वे २०२४ साली सुरू झाली. नांदेड-यवतमाळ-वर्धा रस्ता चौपदरी झाला, आणि पुढे चालणारा ट्रक आता यंत्राने सावरलेल्या ब्रेकवर जागच्या जागी थांबतो. त्याच्या मागे असलेल्या हेराल्डला मात्र १९६७ सालच्याच ब्रेकवर थांबायचे.

मी हे सगळे काकूंना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पण पटले नाही. शेवटी मिस्त्रींनीच त्यांना विचारले, "आजी, घाटात साहेब गाडी चालवत, तवा तुमी काय करत होत्या जी?"

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मी? मी डाव्या बाजूला बसून पायाने जमीन दाबत असे. यांना कधी कळू दिले नाही."

"मंग बसवू द्या ना जी," मिस्त्री म्हणाले. काकूंनी दोन अटी घातल्या. गाडीचा एकही तुकडा कापायचा नाही, आणि जुने ब्रेक टाकून द्यायचे नाहीत.

दोन्ही अटी पाळता आल्या. चासी आणि एंजिन यांना हात लावायचा नव्हता. तरी आरटीओत जाऊन आधी विचारून घेतले. पुढे डिस्क आले, मागे ड्रमच ठेवले. त्यालाही कारण आहे. ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढे झुकते. मागची चाके हलकी होतात आणि तीच आधी अडकली तर गाडी गरकन फिरते. डिस्कला पायाचा जोर जास्त लागतो, कारण ड्रमची पुढची कमान फिरत्या डब्याबरोबर आपोआप आवळत जाते. डिस्कला ती सवय नाही.

सर्वांत मोलाचा बदल मात्र बाहेरून दिसत नाही. जुन्या गाडीत चारही चाकांना तेल पोचवणारी वाट एकच; एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. आपल्या जुन्या आगगाड्यांचा व्हॅक्यूम ब्रेक याहून शहाणा होता. तिथे नळी फुटली की ब्रेक सुटत नसे, उलट आपोआप लागे. आम्ही दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला. आता पुढची वाट फुटली तरी मागची शाबूत राहते. ब्रेकचे तेलही सगळे बदलले. हे तेल हवेतले पाणी शोषते. नवे डॉट-४ तेल २३० अंशांच्या खाली उकळत नाही, पण पाणी धरल्यावर तेच १५५ अंशांवरही उकळू शकते. उकळले की वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल जमिनीला टेकते.

दसरा झाल्यावर निघालो. दारव्हा, दिग्रस आणि मग पुसद असा शंभरावर किलोमीटरचा रस्ता. सोयाबीनची मळणी चालू होती, कपाशीची बोंडे फुटू लागली होती. पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही करतात, त्याची आठवण काकू माझ्या मुलीला सांगत होत्या. दिग्रस मागे पडले आणि एका उताराच्या वळणावर शेतातून पोत्यांनी भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर सरळ रस्त्यावर आला. ट्रॅक्टरवाल्याने मान वळवूनही पाहिले नाही. मी पेडल जोराने दाबले. गाडी डावीउजवीकडे न ओढता नाकासमोर थांबली. ट्रॉली आणि आमचे बॉनेट यांत दोन हात अंतर उरले.

गाडीत कोणी बोलले नाही. मागे माझी मुलगी होती, शेजारी काकू. मी हळूच त्यांच्या पायाकडे पाहिले. चपला काढून त्या आरामात मांडी घालून बसल्या होत्या.

पुसदला चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेले ते गाव वरून दिसले, तेव्हा काकूंनी पूस नदी, आपली शाळा, मामांचा वाडा, सगळे बोटाने दाखवले. वाडा आता उरलेला नाही. त्या जागी दुकाने आहेत. तरी तिथे त्या घटकाभर उभ्या राहिल्या.

जुने ड्रम तेल लावून, पोत्यात बांधून माळ्यावर ठेवले आहेत. पोत्यावर काकूंनी काकांचे नाव लिहून घेतले. परवा त्यांचा निरोप आला की दिवाळीनंतर कळंबच्या चिंतामणीला जायचे आहे, चाकांत हवा भरून ठेव.